साडेबावीस गुंठे

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी नाना, माझे वडील, हॉलमध्ये आले, टेबलापाशी उभे राहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. टेबल सहा फूट बाय चार फुटांचं. त्यावर आठ महिने खपून मी उभं केलेलं आमच्या शेताचं छोटं मॉडेल: विहीर, गोठा, कडब्याची गंज, द्राक्षाचा मांडव, आणि अगदी पुढे, बघणाऱ्याच्या नजरेत पहिल्यांदा भरेल अशी, टेबलाच्या लांब कडेला धरून कांदा साठवायची चाळ. नानांचं वय ८१. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तरी बारीक काही बघायचं म्हटलं की ते मान तिरकी करतात. तशी तिरकी करून त्यांनी चाळ बघितली. पत्र्यावरून बोट फिरवलं. मग विचारलं, "हिला वारा कुठून येतो?" मला वाटलं, काड्यांमधल्या फटी बारीक झाल्या असं म्हणतायत. मी म्हणालो, "नाना, फटी बरोबर आहेत, मोजून ठेवल्यात." ते "हां" म्हणाले आणि चहाला गेले.

तो प्रश्न चार दिवस माझ्या मागे लागला. नाशिकमध्ये सातपूरच्या कारखान्यात, टूलरूममध्ये माझी २८ वर्षं गेली. तिथे चूक झाली तर ड्रॉइंग पुढ्यात ठेवून कुठे झाली ते बोट लावून दाखवता येतं. नानांच्या प्रश्नाला ड्रॉइंग नव्हतं. ते चूक सांगून गेले की सहज विचारून गेले, तेही कळत नव्हतं. ते पहिल्यापासून असेच. बांधावरून जाताना एखादं वाक्य टाकायचे आणि पुढे निघायचे. त्याचा अर्थ आम्हाला आठ दिवसांनी पिकात दिसायचा. जेवताना मी दोनदा विषय काढला. "चांगलं केलंस की रे," एवढंच म्हणाले. त्या "चांगलं"मुळे मी जास्तच अस्वस्थ झालो.

हे शेत करायला घेतलं ते मुळी चाळीपायी. दोन वर्षांपूर्वी चुलतभावाने आमची जुनी चाळ पाडली आणि त्या जागी लोखंडी अँगलची, जाळीची नवी उभी केली. त्याचं काही चुकलं नाही. जुन्या चाळीचे बांबू बुडातून किडले होते, पत्र्याला भोकं पडली होती आणि वाटणीत ती जागा त्याच्याकडे गेलेली. मी नेमका त्या दिवशी गावी होतो. भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवताना एकेक पत्रा वाकायचा आणि वाजायचा, वळवाचा पहिला मारा बसला की वाजायचा अगदी तसा. बांबू एका कडेला चुलीसाठी रचून ठेवले होते. त्यातला हातभर लांबीचा एक तुकडा मी पिशवीत टाकला आणि नाशिकला घेऊन आलो. नाकाशी धरला तर त्याला अजून कांद्याचा वास येत होता. गोडसर, थोडा कुबट, उन्हात तापलेल्या पत्र्याखालचा वास. सवयीने त्याला व्हर्निअर लावलं. ४१ मिलिमीटर. तो आकडा डोक्यात बसला. पुढे एका सकाळी देवापुढची विझलेली अगरबत्तीची काडी उचलली, तिलाही सहज व्हर्निअर लावलं. १.३ मिलिमीटर. ४१ भागिले ३२. तिथेच उभ्या उभ्या ठरलं, सगळं शेत बत्तीस पट लहान करायचं, १:३२.

बत्तीसच का, याला तसं दुसरंही कारण होतं. शेतीची छोटी मॉडेलं करण्याचा नाद परदेशात जुना आहे. इंग्लंडच्या ब्रिटन्स कंपनीचं नाव शिशाच्या सैनिकांसाठी होतं. पहिल्या महायुद्धानंतर लोकांना सैनिक नकोसे झाले, तेव्हा त्यांनी शेतावरची गुरं, माणसं आणि औजारं ओतायला घेतली. अमेरिकेत आयोवामध्ये फ्रेड अर्टल यांनी १९४५ साली घराच्या तळघरात खेळण्यातले ट्रॅक्टर ओतायला सुरुवात केली, आणि तिथल्या डायर्सव्हिल गावात आज शेतीच्या खेळण्यांचं संग्रहालय उभं आहे. अमेरिकेतली मोठमोठी शेतं मांडणारे १:६४ हे माप पसंत करतात, युरोपात १:३२ जास्त चालतं. पण मला १:३२ पटलं ते आपल्या गुंठ्यामुळे. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. बत्तिसाने भागला तर फुटाला फूट चौकोन उरतो, फरक जेमतेम एका सेंटिमीटरचा. म्हणजे टेबलावर एक फूट चौरस म्हणजे रानात एक गुंठा. हे जमलं तेव्हा मला कुणीतरी पाठीवर थाप मारल्यासारखं झालं. नानांना स्केल, प्रमाण वगैरे सांगून काही उपयोग झाला नव्हता. हे मात्र एका वाक्यात कळलं. "मग टेबल किती गुंठ्याचं?" त्यांनी विचारलं. तो एक सेंटिमीटर धरून मी हिशेब केला. साडेबावीस. रान तर तीन एकर होतं, १२० गुंठे. तेवढं मांडायचं तर आमचा सगळा हॉल लागला असता. नाना म्हणाले, "मग कोणतं रान सोडायचं?"

हा प्रश्न त्यांना आयुष्यात दुसऱ्यांदा पडत होता.

आधी मी नको त्या वाटेने गेलो होतो, तेही सांगायला हवं. सुरुवातीचे दोन महिने मी रात्र रात्र मोबाईलवर परदेशातली मॉडेलं बघत होतो. काय सुंदर कामं आहेत! लाल रंगाचं मोठं लाकडी कोठार, दारावर पांढऱ्या फुल्या, दोन उतारांचं छप्पर, शेजारी वैरण साठवायचा उंच गोल सायलो. त्या छपराचा आकारही उगीच नाही. वर माळ्यावर जास्तीत जास्त गवत मावावं म्हणून उतार मध्येच मोडलेला असतो. लाल रंगही हौसेचा नव्हता. जवसाच्या तेलात लोखंडाचा गंज कालवून लाकडाला फासायचे, त्याचा तो रंग. बाहेर चार महिने बर्फ असतं, म्हणून गुरं, वैरण, औजारं सगळं एका छपराखाली घ्यावं लागतं. मी ते कोठार कागदावर काढलं, मापं बसवली, आणि आमच्या विहिरीशेजारी ठेवून बघितलं. काही केल्या बसेना. मग लक्षात आलं की आमच्याकडे या वस्तूला शब्दच नाही. गुरं गोठ्यात, वैरण गंजीत, धान्य बळदात, कांदा चाळीत, औजारं पडवीत, आणि मळणी उघड्यावर, खळ्यात. एका कोठाराची आम्ही सहा ठिकाणं केली, आणि त्यातलं प्रत्येक एकमेकांपासून ठरावीक अंतरावर. गंज घराला चिकटून ठेवत नाहीत, ठिणगी उडाली तर घर जातं. गोठा इतका जवळ की रात्री गाय हंबरली तर अंथरुणात कळावं, आणि इतका लांब की शेणाचा वास चुलीपर्यंत येऊ नये. हे कुणी कधी लिहून ठेवलं नाही. आजोबांनी पावलं टाकून मोजलं असेल, त्यांनी त्यांच्या वडिलांचं बघून. मी ते कोठाराचं ड्रॉइंग अजून जपून ठेवलंय, कारण त्याच्यामुळे मला आमच्या शेताकडे बघता आलं.

मग औजारं. पितळी पत्रा मी भांडी बाजारातून आणला, लेथवरचे तुकडे होतेच. नांगर, वखर, तिफण, कोळपं, बैलगाडी, दवा मारायचा एचटीपी पंप, एवढं करायचं ठरलं. नांगर आमचा लोखंडी. किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून लोक त्याला हात लावायला तयार नव्हते म्हणतात. आमच्या पडवीत तो कधी आला कुणास ठाऊक, मी पाहिला तेव्हापासून होता. दोन इंचांचा तो नांगर करायला मला अकरा संध्याकाळी लागल्या. मग मी तो गंजवला. मीठ, व्हिनेगर, लोखंडाचा कीस, सगळं वापरून सुंदर तांबूस गंज आणला. वखराची पास गंजवली, कोळप्याचं पातं गंजवलं. जुनं म्हणजे गंजलेलं, असं मनात पक्कं होतं. नानांच्या हातावर ठेवलं. त्यांनी नांगर तळहातावर उलटा केला आणि फाळ नखाने टोकरला. म्हणाले, "हे बंद पडलेल्या घराचं औत हाये."

मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मी फाळाला बाराशे नंबरचा पॉलिश कागद मारला. चालत्या औताचा फाळ गंजत नाही, मातीच त्याला रोज घासते. टोक चांदीसारखं लखलखतं, वर मातीची रेघ जिथपर्यंत चढते तिथपर्यंत पांढुरकं, आणि त्याच्या वर कुठे थोडा जुना गंज. रुमणं हाताने धरून धरून काळं आणि गुळगुळीत होतं, पण फक्त जिथे मूठ बसते तेवढंच. बाकीचं लाकूड राखाडी, चिरलेलं. लहानपणी मी ते रुमणं शेकडो वेळा धरलंय. नाना पुढे बैलांजवळ चालायचे आणि मी मागे लटकायचो, तेव्हा माझा हात त्या काळ्या जागेवर पुरायचा नाही. हे सगळं माझ्या हाताला माहीत होतं आणि तरी मी अकरा संध्याकाळी काम करून खोटा नांगर केला होता. कारखान्यात नवी पोरं येतात, त्यांना मी सांगतो की झीज वाचायला शिका, झिजलेला पंच कुठे झिजलाय ते बघा, मशीन काय करतंय ते तोच सांगेल. तेच मी घरी विसरलो.

झीज वाचायला लागलो तसा आणखी एक घोटाळा उघडा पडला. मी सगळीच औजारं सारखी चकाकवली आणि पडवीसमोर ओळीने मांडली. नानांनी तिफणीकडे बोट केलं. "ही खाली कशाला? पेरणी हाये का आता?" मग त्यांनी गोठ्यातल्या बैलांच्या शिंगांना दिलेला हिंगूळ बघितला, मांडवात लोंबणारे घड बघितले, चाळीकडे बघितलं, आणि विचारलं, "महिना कोणता हाये हा?" मला उत्तर देता येईना. बैलांची शिंगं पोळ्याची, श्रावण-भाद्रपदातली. तिफण मृगाची. घड माघ-फाल्गुनातले. चाळ भरायची ती चैत्र-वैशाखात. मी वर्षभरातलं जे जे देखणं होतं ते एका जागी आणून ठेवलं होतं. लग्नाच्या अल्बममध्ये सगळे एकदम हसतात तसं माझं शेत एकदम पिकलं होतं. खरं शेत एका दिवशी एकच दिवस असतं. ज्या दिवशी नांगराचा फाळ चकाकतो त्या दिवशी तिफण आढ्याला टांगलेली असते, तिच्या चाड्यात धूळ आणि कोळ्याचं जाळं असतं. औत बघून महिना सांगता यायला हवा.

तेव्हा दिवस निवडावा लागला. मी १९९६ सालचा एप्रिल निवडला, महिन्याचा मध्य. पुढच्या वर्षी मी कारखान्यात लागलो, त्यामुळे घरी राहून बघितलेला तो माझा शेवटचा पुरा उन्हाळा. बैल अजून होते. आई होती. उन्हाळ कांदा काढून चाळीत पडत होता. पण मग द्राक्षांचं काय? एप्रिलमध्ये बाग खाली झालेली असते, खरड छाटणी होऊन गेलेली. पान नाही, घड नाही, नुसती खोडं, कापलेल्या काड्या आणि वर तारांचं उघडं जाळं. माझ्या मांडवात मात्र पाचशेवर घड होते. द्राक्षाचा मणी बत्तिसाव्या मापात अर्ध्या मिलिमीटरचा होतो. खसखसही मोठी पडते, म्हणून मी बारीक रवा हिरवा रंगवून, एकेका घडाला सुईच्या टोकाने डिंक लावून ते केले होते. आमची लागण ९ बाय ५ फुटांवर, म्हणजे गुंठ्याला २४ वेली. सहा गुंठे बाग मांडली होती, १४४ वेली, साडेतीन महिन्यांचं काम. नाशिकचं शेत दाखवायचं आणि त्यात द्राक्ष नाही, हे कुणाला पटणार? येणारा जाणारा पहिल्यांदा घड शोधतो. बायको म्हणाली, राहू द्या, कोण महिना बघायला बसलंय. तिचं म्हणणं खरं होतं. एक आख्खा आठवडा मी मांडवाला हात लावला नाही. मग एका रात्री चिमटा घेऊन बसलो आणि बाग छाटली. पहाटेचे तीन वाजले. उघड्या तारांची सावली मातीवर पडलेली बघितली आणि अंगावर काटा आला, कारण ती आमची बाग होती. छाटणीनंतर चार दिवस बागेत जे ऊन पडतं, उघडंनागडं, सगळं दाखवणारं, ते त्या टेबलावर आलं होतं. घड एका बरणीत भरून ठेवलेत. अधूनमधून बघतो. अजून वाईट वाटतं.

माती आमच्याच रानातली. चुलतभावाने सिमेंटच्या गोणीत भरून दिली. काळ्या मातीचं एक साधं ढेकूळ या मापात मोठ्या शिळेसारखं दिसतं, म्हणून ती कुटून, तव्यावर भाजून, चहाच्या गाळणीने गाळून घेतली. भाजताना घरभर पहिल्या पावसाचा वास सुटला आणि नाना आतल्या खोलीतून उठून बाहेर आले. फेविकॉल पाण्यात पातळ करून त्यावर सोडलं, सुकल्यावर तिला भेगा पडल्या. मी त्या बुजवायला घेतल्या तर नानांनी हात धरला. एप्रिलमध्ये काळीला भेगा पडणारच. एवढंच की दोन मिलिमीटरची भेग म्हणजे रानात सहा-साडेसहा सेंटिमीटर, चार बोटं जाईल एवढी. मोठ्या होत्या त्या बुजवल्या, चार बोटांच्या ठेवल्या.

आता चाळ. चाळीवर मी सगळ्यात जीव ओतला होता. भिंती अगरबत्तीच्या काड्यांच्या, एकेक काडी वेगळी चिकटवलेली. तळ जमिनीपासून दीड फूट उचललेला, खालूनही हवा खेळावी म्हणून. रुंदी चार फूट आणि आतला थर पाच फुटांपर्यंत. त्याहून उंच भरला तर वरच्या वजनाने खालचा कांदा दबतो आणि सडतो. लांबी चाळीस फूट, टेबलावर ३८ सेंटिमीटर. पत्र्यासाठी हॉटेलच्या पार्सलचे अॅल्युमिनियमचे डबे कापले. नालीदार पत्र्याच्या दोन नाळ्यांत तीन इंचांचं अंतर असतं, बत्तिसाने भागलं की २.४ मिलिमीटर. एम-२० बोल्टच्या आट्यांचं अंतर अडीच. रबरावर डब्याचा पत्रा ठेवून त्यावरून आटे पाडलेला रॉड दाबून फिरवला की हुबेहूब नाळ्या उठतात. या गोष्टीचा मला फार आनंद झाला होता. आयुष्यभर ज्या बोल्टांनी दुसऱ्यांच्या मशिनी आवळल्या, त्यातल्याच एका मापाने आमच्या चाळीचं छप्पर केलं. आणि एवढं सगळं मोजून करून, ठेवायच्या वेळेला मात्र मी ती टेबलाच्या कडेला धरून ठेवली, कारण समोरून पूर्ण लांबी दिसते.

वारा कुठून येतो? पाचव्या दिवशी, गुरुवारी, मी सर्फेस ग्राइंडरवर उभा होतो. बाहेर ऊन चढलं होतं आणि शेडच्या सावलीत हेल्पर बायका डबे उघडून बसल्या होत्या. त्यातली एक ऊन सरकलं तशी बसल्या बसल्या सरकली. आणि मला आई दिसली. कांदा कापायचे दिवस. शेतात दोन-चार दिवस पातीसकट वाळलेला कांदा पाट्यांनी आणून टाकायचे, बायका विळा घेऊन इंचभर मान ठेवून पात कापायच्या. सकाळी त्या कुठेही बसायच्या. पण जेवण झाल्यावर आई बारदान उचलायची आणि चाळीच्या मागे जायची. तिथे सावली असायची. दुपारी दोनला हातभर, तीनला बारदानभर, आणि चारपर्यंत आमच्या सगळ्यांना पुरेल एवढी. सावलीबरोबर आई पुढे पुढे सरकायची, आणि संध्याकाळपर्यंत तिच्यामागे कापलेल्या पातीचा एक पट्टा तयार व्हायचा. चाळीची ती बाजू पूर्वेची. ऊन पश्चिमेला कललं की सावली पूर्वेला पडणार, आणि चाळ दक्षिणोत्तर असली तरच ती एवढी लांबरुंद पडणार. चाळ पूर्व-पश्चिम असती तर एप्रिलच्या त्या डोक्यावरच्या उन्हात तिच्या कडेला बोटभर सावली मिळाली नसती. माझ्या टेबलावर मी चाळ पूर्व-पश्चिम घातली होती. माझ्या टेबलावर आईला बसायला जागा नव्हती.

मशीन बंद करून मी पाच मिनिटं पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभा राहिलो.

मग बाकीचं आपोआप आलं. आमच्याकडे वारा पश्चिमेचा. एकपाखी, म्हणजे कांद्याची एकच रांग असलेली चाळ दक्षिणोत्तर घालायची, म्हणजे वारा तिच्या लांब अंगावर येतो, चार फूट कांद्यातून आरपार जातो आणि आतली गरमी घेऊन पलीकडे निघतो. दोनपाखी, म्हणजे दोन रांगांची असेल तर पूर्व-पश्चिम घालतात. हे आज कृषी खात्याच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं, पण नाना पत्रक वाचून शेती करत नव्हते. पावसाळ्यात हाच वारा चाळीवर उलटायचा. जूनपासून पश्चिमेचा पाऊस तिरपा यायचा आणि त्याच लांब अंगाला झोडपायचा, म्हणून त्या बाजूला बारदानं टांगलेली असायची. रात्री सरीचा आवाज आला की नाना बॅटरी घेऊन उठायचे, बारदानं सोडायचे. पाऊस थांबला की पुन्हा उठून गुंडाळायचे, नाहीतर आत कांद्याला वाफ धरायची. एका रात्रीत तीनतीनदा. मी उशीखाली डोकं खुपसून झोपायचो. मला फक्त आवाज माहीत होता, ओल्या बारदानाचा पत्र्यावर आपटल्याचा. ती बाजू पश्चिमेची होती हे मी कधी मनात आणलंच नाही. लासलगावला भाव काय फुटला हे रोज विचारायचो, तो कांदा भावापर्यंत टिकवायला रात्री कुणीतरी उठतंय हे विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी चाळ उपटली. खालचा मातीचा थर निघाला, गंज सरकवावी लागली, विहिरीकडे जाणारा पाट मोडला. चाळ आडवी होती ती उभी केली. आता समोरून बघणाऱ्याला तिचं चार फुटांचं तोंडच तेवढं दिसतं, लांबी बघायची तर बाजूला जावं लागतं. पश्चिमेच्या अंगाला बारदानाच्या गुंडाळ्या बांधल्या, मलमलीला चहाच्या पाण्यात बुडवून. पूर्वेला कापलेल्या पातीचा एक पट्टा टाकला, शेवटी एक विळा. माणूस ठेवलं नाही. या मापात बाई पाच सेंटिमीटरची होते, मी दोन करून बघितल्या, दोन्ही आई नव्हत्या. नानांना दाखवलं. त्यांनी मान तिरकी केली, आणि मग एक गोष्ट केली जी मला सुचली नव्हती. त्यांनी हॉलच्या खिडकीकडे बघितलं आणि विचारलं, "आपली पश्चिम कोणीकडं?" आमची इमारत रस्त्याच्या कलाने बांधलेली, भिंती कुठल्याच दिशेशी जुळत नाहीत. मोबाईलवर होकायंत्र लावलं. दोघांनी मिळून टेबल धरलं, बायकोने खुर्च्या सरकवल्या, आणि शेताची पश्चिम खऱ्या पश्चिमेला आणली. तेव्हापासून टेबल हॉलमध्ये तिरकं उभं आहे. एक कोपरा स्वयंपाकघराच्या वाटेत येतो. येणारे पाहुणे विचारतात. संध्याकाळी खिडकी उघडी असली की चाळीच्या पश्चिमेला टांगलेलं मलमलीचं टोक थोडं हलतं.

राहिला होता कांदा. साधारण साडेपाच सेंटिमीटरचा कांदा बत्तिसाने भागला की १.७ मिलिमीटर, म्हणजे मोहरी. मोहरी आणून रंगवली, तांबूस गुलाबी, थोडी पांढरट साल सुटल्यासारखी. चाळ भरायला किती लागेल याचा हिशेब केला तेव्हा मी दोनदा मांडून बघितला. आमच्या चाळीत १३० क्विंटलच्या आसपास कांदा बसायचा, नाना आकडा अजून सांगतात. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही बत्तीस पटींनी लहान झाली की माल ३२,७६८ पटींनी लहान होतो. उरतो अर्धा किलोच्या आत. अर्धा किलो मोहरी ताटात ओतली आणि नानांपुढे ठेवली. "ही आपली चाळ," म्हणालो. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ भरली. एक हंगाम, नांगरटीपासून काढणीपर्यंत, आईच्या गुडघ्यांसकट, त्यांच्या ओंजळीत बसला. त्यांनी तो थोडा वेळ तसाच धरला, वजन बघितल्यासारखा, आणि परत ताटात सोडला.

मी चाळीचा पत्रा उचलून ठेवला, छोटं नरसाळं आणलं, आणि भरायला घेणार तेवढ्यात नाना म्हणाले, "थांब." चष्मा लावला. ताट मांडीवर घेऊन खिडकीजवळ बसले. एक बोट मोहरीत फिरवत, फुटलेले, चपटे, रंग कमी बसलेले दाणे एकेक करून कडेला काढू लागले. मी म्हणालो, "नाना, आत गेल्यावर दिसणार नाहीत ते." त्यांनी वर बघितलं नाही.

"एक नासका गेला तर शेजारचे धा घेऊन जातो," ते म्हणाले, आणि निवडत राहिले.